सेल्फ उचलत नाही: मॉरिस मायनरसाठी पर्यायी भाग शोधताना

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या निरोपांपैकी निम्मे एकाच विषयाचे आहेत. शब्द वेगवेगळे, तक्रार एकच: "दादा, गाडीचा सेल्फ उचलत नाही, जुना भाग मिळत नाही, दुसऱ्या कुठल्या गाडीचा बसेल?" कुणाकडे मॉरिस आहे, कुणाकडे लँडमास्टर, कुणाकडे वडिलांची ॲम्बेसेडर. आज मी एकच गाडी धरून बोलणार आहे, मॉरिस मायनर. कारण तिची सेल्फची यंत्रणा अगदी साधी आहे. ती नीट कळली की त्या काळातल्या बाकी ब्रिटिश गाड्यांचंही बरंचसं कळतं.

मायनरची ओळख दोन वाक्यांत. ॲलेक इसिगोनिस यांनी घडवलेली ही गाडी १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तयार होत राहिली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने तिची जोडणी केली, 'बेबी हिंदुस्थान' नावाने. त्यामुळे पुण्या-मुंबईत आणि कोल्हापूर-सांगलीकडेही एखाद्या वाड्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ही गाडी अजून सापडते.

आता यंत्रणा बघू. बॅटरी १२ व्होल्टची. डॅशबोर्डवर एक खेचायची खुंटी. खुंटीला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला इंजिनच्या बाजूला एक दणकट स्विच. खुंटी खेचली की स्विचमधले तांब्याचे दोन जाड संपर्क जुळतात आणि बॅटरीचा सगळा प्रवाह थेट मोटरमध्ये जातो. मध्ये रिले नाही, सोलनॉइड नाही. किल्लीवर चालणारा सेल्फ मायनरला बराच नंतर आला.

मोटर लुकासची, आणि तिच्या टोकाला जे पिनियन आहे ते आपले मिस्त्री ज्याला 'बेंडिक्स' म्हणतात त्या प्रकारचं. मोटर झटक्यात फिरायला लागते, पिनियन जडत्वामुळे मागे राहतं, त्यामुळे ते शाफ्टवरच्या आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकतं आणि इंजिन फिरवतं. इंजिन चालू झालं की रिंगच पिनियनला जास्त वेगाने फिरवते, आणि ते परत मागे फेकलं जातं. जाड स्प्रिंग असते ती धक्का सोसायला. एवढंच.

एक गोष्ट लक्षात घ्या. बेंडिक्सचं सगळं काम 'झटक्यात' या शब्दावर अवलंबून आहे. मोटर आळसावून फिरली तर पिनियन पुढे सरकतच नाही, किंवा अर्धवट अडकतं आणि रिंगचे दात खातं. रिंगचे दात गेले की मग सेल्फचा प्रश्न राहत नाही. गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, रिंग तापवून बदला. दोन हजारांचं काम पाचपट, दहापट होतं. म्हणून सेल्फसाठी काहीही पर्यायी लावताना माझी पहिली अट हीच असते: रिंगला धोका होता कामा नये. खुंटी, रंग, अस्सलपणा हे सगळं त्यानंतर.

आता लोक काय करतात? सेल्फ मंद झाला की सरळ नाना पेठेत जातात, मोटर विचारतात. अहो, थांबा. आधी मोजा. एक साधा मल्टिमीटर लागतो, आजकाल कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो.

हिशोब सोपा आहे. सेल्फ मारताना समजा २०० अँपियर प्रवाह जातोय. वाटेत कुठेतरी गंजलेला लग आहे, त्याचा अवरोध फक्त एक शतांश ओम. ऐकायला काहीच वाटत नाही. पण २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट. बारातले दोन व्होल्ट त्या एका सांध्यात गेले, आणि ४०० वॉटची उष्णता तिथे तयार झाली. लहान इस्त्रीएवढी! म्हणून सेल्फ मारून झाल्यावर हात लावून बघा. जो सांधा गरम, तो चोर. अर्थात हात जपून लावा.

मीटरने करायचं ते असं. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलवरची 'एसडब्ल्यू' खुणेची बारीक तार काढून ठेवायची आणि तिचं टोक कशाला टेकू द्यायचं नाही. एकाने खुंटी खेचायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. आधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. सेल्फ फिरताना तिथे साडेनऊ व्होल्टच्या वर राहिलं पाहिजे. खाली गेलं तर बॅटरी थकलीय, नाहीतर मोटर गरजेपेक्षा जास्त ओढतेय. बॅटरीवर अकरा-साडेअकरा आहेत आणि तरी मोटर रडतेय, असं असेल तर दोष वाटेत आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं मोटरच्या टर्मिनलवर. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल, लग किंवा स्विच. मग दुसऱ्या बाजूने: बॅटरीची अर्थची खुंटी आणि मोटरचा लोखंडी डबा. इथे पाव व्होल्टच्या आसपास ठीक.

ही अर्थची बाजू फार लोक विसरतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेलं. त्यांना जोडणारी एक विणलेली पट्टी असते. कधीतरी कुणीतरी इंजिन उतरवलेलं असतं आणि ती पट्टी परत लावलेलीच नसते. मग प्रवाह काय करतो? मिळेल त्या वाटेने जातो. चोकची तार, ॲक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल. तुमच्या गाडीत सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागत असेल, तर मोटर विकत घेऊ नका. एक विणलेली तांब्याची पट्टी घ्या, इंजिन आणि चासी दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत करा, आणि लावा. हा भाग कुठल्याही गाडीचा चालतो. त्याला अस्सल-नक्कल काही नाही.

केबलचंही तसंच. जुनी केबल आतून हिरवी पडली असेल तर वेल्डिंगची केबल घ्या, ३५ चौरस मिलिमीटरची. मीटरवर मिळते, खूप लवचीक असते. दुकानदार दहा चौरसची देऊ करेल, दिसायला बरी जाड असते. पण जाऊन-येऊन दोन मीटर धरले तर दहा चौरसच्या तांब्यात २०० अँपियरला पाऊण व्होल्ट जातं, पस्तीसमध्ये साधारण दोन दशांश. आणि टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत द्या. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही. वेल्डिंग केबलच्या रबराला तेल सोसत नाही, तेव्हा इंजिनजवळ वरून एक स्लीव्ह चढवा.

बॅटरीत एक गंमत आहे. हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांना बारीक खुंट्यांची, जपानी धाटणीची बॅटरी येते. मायनरचे क्लॅम्प जाड खुंट्यांचे. मग क्लॅम्प सैल बसतो, आणि मिस्त्री मध्ये शिशाचा पत्रा किंवा तारेचे वेढे कोंबतो. त्यावर दिवे लागतील, हॉर्न वाजेल, सेल्फ मात्र त्या सांध्यात मरेल. जाड खुंट्यांची बॅटरी मागून घ्या. आणि लक्षात ठेवा, मायनर पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे, बॅटरीची अधिक खुंटी बॉडीला. धन खुंटी ऋणापेक्षा जराशी जाड असते, त्यामुळे क्लॅम्प बदलतानाही अर्थच्या बाजूला मोठा क्लॅम्प लागतो. गाडी कुणी मध्येच निगेटिव्ह अर्थ करून ठेवली असेल तर तेही आधी तपासा.

आता मुख्य मुद्दा, तो खेचायचा स्विच. हा जातोच. आतले संपर्क ठिणग्यांनी खड्डे पडून काळे होतात. कधी उलट होतं, संपर्क चिकटतात आणि खुंटी सोडली तरी मोटर फिरतच राहते. हे भयंकर आहे. अशा वेळी बॅटरीचा क्लॅम्प काढायला पाना शोधत बसावं लागतं. म्हणून अर्थच्या बाजूला एक बॅटरी कट-ऑफ स्विच असावाच, कुठल्याही जुन्या गाडीत.

स्विच उघडता आला तर संपर्क घासून काही वर्षं काढता येतात. इंग्लंडमध्ये मायनरचे सुटे भाग अजून नव्याने बनतात, तिथे या गाडीचा संसार मोठा आहे. पण कुरिअर, सीमाशुल्क आणि वाट बघणं धरलं तर छोट्या भागासाठी परवडेलच असं नाही. मग माझा आवडता उपाय सांगतो. जुना स्विच जिथे आहे तिथेच ठेवायचा, खुंटीही तीच. फक्त त्याच्याकडून जड काम काढून घ्यायचं. इंजिनजवळ झाकलेल्या जागी एक वेगळा सोलनॉइड बसवायचा, बॅटरीची जाड केबल त्यात, तिथून मोटरला. आणि जुना स्विच आता फक्त सोलनॉइडच्या गुंडाळीला तीन-चार अँपियर पुरवणार. झिजलेले संपर्क एवढं आयुष्यभर करतील. बाहेरून बघणाऱ्याला खुंटी खेचून गाडी चालू होताना दिसते, आणि भोकं पाडावी लागली तर फक्त दोन.

कुठला सोलनॉइड घ्यायचा? इथे फसवणूक होते, बहुतेक वेळा अज्ञानातून. पहिली चूक: चौकोनी प्लॅस्टिकचा तीस-चाळीस अँपियरचा रिले. हेडलाइटला उत्तम, सेल्फच्या मुख्य वाटेत टाकला तर पहिल्याच दिवशी वितळेल. दुसरी: मोटारसायकलचा सेल्फ रिले. दिसायला सोलनॉइडच, पण तो लहान मोटरसाठी बनलेला. तिसरी: ट्रकच्या भागांच्या दुकानातून आणलेला २४ व्होल्टचा. आकार अगदी बरोबर, पण बारा व्होल्टवर तो नीट ओढतच नाही, नुसता खटखट करतो. मीटरने गुंडाळीचा अवरोध बघा. १२ व्होल्टच्या सोलनॉइडचा काही ओमांत येतो, २४चा त्याच्या कितीतरी पट.

ज्यांना वेगळा, भिंतीवर बसणारा १२ व्होल्टचा सोलनॉइड असतो अशा ट्रॅक्टरचा किंवा जुन्या जीपचा भाग इथे चपखल बसतो. दोन जाड स्टड, एक किंवा दोन बारीक टर्मिनल. एकच बारीक टर्मिनल असेल तर गुंडाळीचं दुसरं टोक त्याच्या पत्र्याच्या अंगातूनच अर्थ होतं, म्हणजे रंगवलेल्या पत्र्यावर नुसता स्क्रू मारून चालणार नाही, खालचा रंग खरवडा. दोन बारीक टर्मिनल असतील तर नीट विचारून घ्या. काहींत दुसरं टर्मिनल गुंडाळीचंच दुसरं टोक असतं. काहींत ते सेल्फ मारताना इग्निशन कॉइलला थेट बारा व्होल्ट देण्यासाठी असतं. मायनरला त्याची गरज नाही, ते मोकळं ठेवा, टोपी घाला. त्याला अर्थ दिलात तर धूर निघेल. पॉझिटिव्ह अर्थची चिंता इथे नाही, साध्या गुंडाळीला दिशा कळत नाही. फक्त आत डायोड बसवलेला आधुनिक सोलनॉइड असेल तर कळते, तो टाळा. आणि जुन्या लुकासच्या सोलनॉइडला खालून रबरी बटण असायचं, बोटाने दाबून सेल्फ मारता यायचा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी तसा दिसला तर सोडू नका. टॅपेट लावताना इंजिन थोडं थोडं फिरवायला त्यासारखं काही नाही.

आता मोटर. खरं सांगतो, पूर्ण मोटर बदलायची वेळ क्वचित येते. बहुतेक वेळा कार्बन संपलेले असतात किंवा बुश गेलेला असतो. कार्बन आठ मिलिमीटरच्या खाली गेला की बदला. पण सेल्फचा कार्बन वेगळा, डायनॅमोचा वेगळा. सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं, तो लालसर झाक मारतो, कारण त्याला शेकडो अँपियर वाहायचे असतात. डायनॅमोचा काळा कार्बन कानशीने घासून बसवून देणारे महाभाग आहेत. मोटर फिरते, पण दम नाही. ट्रॅक्टरच्या सेल्फचा तांबं-मिश्रित कार्बन थोडा मोठा घेऊन घासून मापात आणला तर छान चालतो. बाजू चौकोनी राहू द्या, खाचेत मोकळा सरकला पाहिजे.

आणखी एक, हे वाइंडरला आवर्जून सांगा. डायनॅमोच्या कम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खोल कोरतात. लुकासच्या सेल्फमध्ये तो कोरायचा नाही. नुसतं लेथवर साफ करून गुळगुळीत करायचं. बरेच जण सवयीने कोरून टाकतात.

बुश कांस्याचे, सच्छिद्र. कुठलाही चांगला टर्नर माप घेऊन करून देईल, पण धातू तोच मागा आणि बसवण्यापूर्वी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. बुश झिजला की आर्मेचर खालच्या पोलला घासतं. बाहेरून वाटतं बॅटरी कमजोर आहे. बेंडिक्सचे आटे मात्र रॉकेलने धुऊन कोरडे ठेवा. ग्रीस लावाल तर क्लचची धूळ चिकटून लापशी होते, पिनियन अडकतं, मोटर गरगर फिरते आणि इंजिन ढिम्म. पिनियन रिंगमध्ये फसून बसलं असेल तर मोटरच्या मागच्या टोकाला छोट्या टोपीखाली शाफ्टचं चौकोनी टोक असतं, पान्याने फिरवलं की सुटतं.

तरीही मोटरच बदलायची असेल तर? ॲम्बेसेडर, हेरल्ड यांच्याही मोटरी लुकास घराण्यातल्याच. १९६१ पासून लुकास-टीव्हीएस मद्रासला हे भाग बनवू लागली, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात एकसारख्या दिसणाऱ्या कितीतरी मोटरी पडलेल्या असतात. दिसण्यावर जाऊ नका. आपली मोटर सोबत न्या. फिरण्याची दिशा एकच आहे ना, पिनियनचे दात तेवढेच आहेत ना आणि त्यांची जाडी जुळते ना, पिनियन पुढे गेल्यावर शेवटी कुठे थांबतं, आणि तोंडाच्या गोल कड्याचा व्यास व बोल्टांमधलं अंतर. यातलं एक जरी चुकलं तरी नको. डब्यावर ठोकलेला क्रमांक आणि तारीख घासून वाचा, दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती खरी.

आणि आधुनिक गिअरवाली लहान मोटर? हलकी असते, कमी प्रवाह घेते, जोर भरपूर. पण आपल्या गाडीसाठी तिच्यात दोन खोडी आहेत. जुन्या मोटरमध्ये फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेले, त्यामुळे बॅटरी उलटी लावली तरी ती त्याच दिशेला फिरते. नव्या मोटरींपैकी पुष्कळांत कायम चुंबक असतात. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अशी मोटर उलट फिरेल! दुसरी खोडी रिंगची. नव्या मोटरचं पिनियन आधी हळूच रिंगमध्ये ढकललं जातं, मग फिरतं. काही इंजिनांत ते जुन्या बेंडिक्सच्या विरुद्ध बाजूने रिंगमध्ये शिरतं. रिंगचे दात ज्या बाजूने उतरते केलेले असतात त्याच बाजूने पिनियन आत यायला हवं, नाहीतर दातावर दात आपटतो. तुमच्याच इंजिनसाठी म्हणून बनवलेली मोटर असेल तर प्रश्न नाही. "बसते हो, वॉशर टाकला की बसते" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

कायद्याबद्दलही विचारणा असते. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. अट आहे ती चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नसण्याची. सोलनॉइड त्यात येत नाही. स्पर्धेत परीक्षक गुण कापू शकतात, तो वेगळा विषय. म्हणून काढलेला प्रत्येक भाग डब्यात, चिठ्ठी बांधून, गाडीबरोबरच ठेवा.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न घेतो, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपबद्दल. ती ६ व्होल्टची, पायाने दाबायचा सेल्फ. "१२ व्होल्टची बॅटरी लावू का, सेल्फ सणसणीत फिरेल." फिरेल, खरंय. मोटर थोडा वेळ सोसतेही. पण बेंडिक्स रिंगवर तेवढ्याच जोराने आदळेल, आणि रिंगबद्दल मघाशी बोललोच. सहा व्होल्टमध्ये तेवढ्याच ताकदीला दुप्पट प्रवाह लागतो, आणि वाटेतल्या सांध्यात जाणारा वाटा चौपट होतो. म्हणूनच या जीपा बदनाम आहेत. बहुतेकांत आधीच्या मालकाने १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते. आधी ५० चौरसची केबल, स्वच्छ अर्थ आणि पायाच्या स्विचचे संपर्क. एवढं करून मीटर लावा, आकडे मला पाठवा, मग बॅटरीचं बोलू.

पुढच्या भागात डायनॅमो आणि कटआउट. भेटूया.